केळीनंतर ताग कसा गाडावा

जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात नवती (नव्याने लावलेली केळी) झाली की पिलबाग (तिच्याच पिलांवर घेतलेलं पीक), पिलबाग निघाली की पुन्हा केळीच. ठिबकमधून विद्राव्य खत जातं म्हणून पीक तगतं, पण सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) घटत जातो, काळी माती आवळते आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी नांगराखाली घट्ट थर बसतो. त्यावर ह्युमिक ॲसिडचे कॅन ओतू नका. एकरी दोन-चार लिटरने कर्ब वाढत नाही. त्याला टनांनी हिरवा पाला लागतो. म्हणून कांदेबाग (पावसाळा सरताना लावतात ती केळी) लावायच्या आधीचा पावसाळा तागाला द्या आणि तो हिरवाच जमिनीत गाडा.

बाग निघाल्यावर खांब बांधावर फेकू नका. केळीने उचललेलं बरंचसं पालाश (पोटॅश) त्यातच असतं. कुट्टी करून शेतातच पसरा. कंद मात्र उकरून काढा. हरण्या हा विषाणू रोग आलेल्या बागेत एकही पील परत फुटता कामा नये. मृगाचा पाऊस झाला की एकरी 20 ते 25 किलो ताग फेकून वखराची पाळी द्या. खुरपणी लागत नाही.

खरी कसोटी गाडण्याची. मलाही हीच वेळ साधणं सगळ्यात अवघड गेलं. 45 ते 50 दिवसांत पहिली फुलं दिसतात, तेव्हाच ताग गाडायचा. ‘अजून वाढू द्या, जास्त खत होईल’ असं सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. फुलोरा सरला की खोडात वाख (दोरासारखे चिवट तंतू) धरतो. तो लवकर कुजत नाही. कुजवणारे जीवाणू जमिनीतलंच नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि नवी रोपं पिवळी पडतात.

अडचण ही की नेमकी तेव्हाच श्रावणाची झड लागते. ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घातला तर जो थर मोडायचा, तोच आणखी पक्का होतो. रोटाव्हेटर तर ओल्यात मुळीच नको, त्याची पाती खालची माती लिंपून टाकतात. वितभर खोलीवरची माती मुठीत दाबा आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा (मशागतीजोगी ओल) आहे. नुसता चपटा झाला तर थांबा, भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर उभा असला तरी.

झड उघडतच नसेल तर ताग विळ्याने कापून जागेवरच आडवा पाडा. वाफसा येईपर्यंत तो आच्छादन म्हणून राहील, वाख धरायचाही थांबेल. थोडं नत्र उडून जाईल, पण जमीन दाबली जाण्यापेक्षा ते परवडलं. वाफसा आला की पलटी नांगराने 15 सेंटिमीटरपर्यंतच गाडा.

पुढे किमान तीन आठवडे शेताला हात लावू नका. पाऊस ओढला तर पाणी द्या, कोरड्यात काही कुजत नाही. आवळलेली माती मोकळी करायला जिप्सम मात्र माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं तरच टाका. लागवडीआधी चार-पाच ठिकाणी उकरून बघा. तागाची काडी बोटांत चुरली तर रोपं लावा. चिवट लागली तर आणखी आठवडाभर थांबा.