पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, जुन्या वर्कस्टेशनचं काय करायचं

मालवणात माझ्या आतेभावाचं फ्लेक्स-पत्रिकांचं दुकान आहे, दर्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर पावसाळ्यात त्याचा एक फोन ठरलेला. यंदा चवथ बारा दिवसांवर आलेली, मंडळांचे बॅनर अडकलेले, आणि हा सकाळी सातला फोनवर, "अरे पंखो फिरता, लाईट लागता, पण पडद्यार काय एक दिसना नाय, नवीन कार्ड मागवू काय?" म्हटलं कार्ड-बिर्ड काय एक मागवू नको, पोराच्या दप्तरातला खोडरबर काढून ठेव, मी येतंय.

खोडरबर का ते पुढे सांगतो, आधी फुकटातल्या गोष्टी.

पहिलं म्हणजे केबल कुठे घातलीय ते बघा. हसू नका, साफसफाई करताना सगळ्या वायरी काढतात आणि परत लावताना जे भोक समोर दिसेल त्यात घालतात. झिऑन ई५ (इंटेलचा वर्कस्टेशन म्हणजे दणकट कामाच्या कॉम्प्युटरसाठीचा प्रोसेसर) वाल्या मशीनला प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, म्हणजे डिस्प्ले येणार तो फक्त खाली आडव्या लावलेल्या ग्राफिक्स कार्डातूनच. त्याच्याच धाकट्या भावंडांत, काही ई३ ला असतं (ई३-१२४५ ला आहे, ई३-१२४० ला नाही), पण कार्ड लावलं की बोर्डावरचा पोर्ट बऱ्याचदा आपोआप बंद होतो, तेव्हा केबल कार्डातच घाला.

मग मॉनिटर. त्याच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलाय का बघा आणि तोच मॉनिटर त्याच केबलने दुसऱ्या मशीनला लावून बघा. इथे एक गंमत आहे, एका बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय असलेली स्वस्तातली केबल एकाच दिशेने चालते, कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावलीत तर दिवसभर बसा, काही येणार नाही. आणि डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा तो छोटा डबा असेल तर त्याच्यावर पहिला संशय घ्या, त्याच्या आत एक चिप असते आणि ती जाते.

एवढं करून काळंच असेल तर पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून नाही, पूर्ण काढा, आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलासुरला करंट जातो. आपल्याकडे लाईटची ये-जा चालूच असते, त्यात मशीन कधी कधी असं अडकून बसतं आणि एवढ्यानेच सुटतं.

आता खोला. पावसाळी हवेत स्टॅटिक कमीच असतं, तरी डब्याच्या लोखंडाला हात लावून मगच आत हात घाला. पहिल्यांदा नाकाने बघा, जळका वास येतोय का. मग बोर्डावर वर फुगलेले कपॅसिटर, मुंग्यांची माती, पालीची अंडी. भावाच्या मशीनमध्ये दोन वर्षांपूर्वी एक पाल पॉवर सप्लायच्या पंख्यात वाळून पापड झालेली सापडली होती, तेव्हा हे मी उगाच सांगत नाहीये.

आणि आता रॅम, म्हणजे बोर्डावर उभ्या खोचलेल्या मेमरीच्या स्टिका. किनाऱ्याजवळ खाऱ्या दमट हवेने कॉन्टॅक्टवर एक पातळ थर धरतो, सोनेरी पट्ट्या मळकट तपकिरी दिसायला लागतात, आणि दुकान आठ-दहा दिवस बंद राहिलं, मशीन गरम झालं नाही, की हमखास. माझ्या अनुभवात इथे "डिस्प्ले गेला" म्हणून येणारी बहुतेक मशीनं इथेच चालू होतात. सगळ्या स्टिका काढा, साधा पांढरा मऊ खोडरबर घ्या, पट्टीवर आतून कडेकडे हलक्या हाताने घासा, दोन्ही बाजू. रबराचा भुगा ब्रशने पूर्ण झाडा, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीनच दुखणं. पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघून जातो मग दर महिन्याला हेच करत बसाल. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा, साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम.

परत लावताना एकच स्टिक लावा, डब्याच्या झाकणावर पहिला स्लॉट कुठला ते छापलेलं असतं. आणि चालू केल्यावर थांबा! ही मशीनं रॅम बदलली की आधी ती तपासत बसतात, दीड-दोन मिनिटं स्क्रीन काळीच राहते, आणि आपण तेवढ्यात घाईने बंद करून "नाय झाला" म्हणतो. एक चालली की दुसरी, असं करत जा, म्हणजे स्टिक खराब की स्लॉट ते कळतं.

मशीन काही बोलतंय का ते ऐका. एचपीच्या २०१२ च्या आसपासच्या झेड मालिकेत लाल लाईट पाच वेळा लुकलुकून थांबली तर रॅम, सहा वेळा तर ग्राफिक्स. काहीच बोलत नसेल तर सगळी रॅम काढून चालू करा, आता बीप आली किंवा लाईट लुकलुकली तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, अर्धी चिंता मिटली. तरी गप्पच असेल तर मात्र दुखणं बोर्डात, प्रोसेसरमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये. मल्टिमीटर असेल तर पॉवर सप्लायच्या पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये यायला पाहिजे. पॉवर सप्लायचा डबा मात्र खोलू नका, पिन काढल्यावरही आत झटका बसेल एवढा करंट धरून असतो.

कार्डालाही तोच खोडरबर. मोठ्या कार्डाला वरून सहा पिनांची वेगळी वायर लागते, ती सैल असली तरी पंखा फिरतो आणि चित्र येत नाही. शेजाऱ्याकडून जीटी ७१० सारखं छोटं कार्ड मिळालं, ज्याला ती वायर लागतच नाही, तर लावून बघा, चित्र आलं तरच नवीन कार्डाचा विचार करा.

भावाचं मशीन दुसऱ्या स्टिकवर चालू झालं, पहिलीच्या पट्ट्या घासून खोडरबर काळा झाला होता. पण स्क्रीन आल्याबरोबर एफ१ दाबा म्हणून अडलं आणि तारीख दाखवली कुठल्यातरी जुन्या वर्षाची १ जानेवारी, म्हणजे बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पण गेलेली. नवीन ३ व्होल्ट देते, याची १.९ भरली. ती बाजारातून आणून घातली, तारीख तेव्हाच बरोबर करून घ्या, नाहीतर ब्राऊझर प्रत्येक साईटला असुरक्षित म्हणत बसतो आणि तुम्ही नेटवाल्याला फोन करून भांडत बसता, भाऊ नंबर लावतच होता.