वजन राखायचे आणि कोलेस्टेरॉल उतरवायचे, तर घरचा आहार कसा आखावा

रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक छापून आला, की बहुतेक घरांत दोन गोष्टी लगेच होतात: जेवणातले तूप बंद होते आणि कोणीतरी ओट्सचे पाकीट घेऊन येते. पहिल्या उपायात तथ्य आहे आणि दुसऱ्यात अपाय काही नाही. पण या गडबडीत स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत खरी मेख तिथेच असते. ज्वारी, तूर, हुलगा, जवस, करडई, अंबाडी हे सगळे आपल्याकडे आधीच पिकते. ते किती खावे, किती तेलात शिजवावे आणि ताटात त्याच्या शेजारी काय असावे, एवढेच ठरवायचे आहे.

आधी अहवाल नीट वाचावा

‘लिपिड प्रोफाइल’ या तपासणीत चार आकडे पाहावेत. ते दर १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये दिलेले असतात. निरोगी प्रौढ माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०० च्या आत आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या आत असणे चांगले. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, मात्र पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी नसावे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी एलडीएलची मर्यादा याहूनही खाली धरली जाते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आले, तर दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि अशा वेळी नुसत्या पथ्यावर विसंबून राहू नये. थायरॉइड मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून पहिल्यांदाच आकडा चढलेला दिसला तर त्याचीही तपासणी करून घ्यावी.

कोणता आकडा वाढला आहे, त्यावर पथ्याची दिशा ठरते. एलडीएल वाढले असेल तर संपृक्त स्निग्धांश, म्हणजे तूप, साय, वनस्पती तूप, पाम तेल आणि मटणाची चरबी, यांवर लक्ष द्यावे. केवळ ट्रायग्लिसराइड वाढले असेल तर साखर, मैदा, भाताचे प्रमाण आणि मद्य यांचा हिशेब आधी करावा. हा भेद लक्षात न घेता तूप सोडणारा आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा पिणारा माणूस तीन महिन्यांनी निराश होतो, त्यात नवल नाही.

त्याच दिवशी शिवणकामाच्या टेपने कमरेचा घेरही मोजून ठेवावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजलेला घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा. भारतीयांसाठी बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याची) मर्यादा २३ धरतात. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ते वजन साधारण साडेबासष्ट किलो होते.

तेलाच्या डब्यावर तारीख लिहावी

आपल्याकडे किराण्यात तेल डब्याने भरण्याची पद्धत आहे, आणि मोजणीसाठी ती फार सोयीची आहे. नवा डबा फोडला की झाकणावर तारीख लिहावी आणि डबा संपला की पुन्हा लिहावी. चार माणसांच्या घरात १५ लिटरचा डबा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ६२ मिलिलिटर तेल पोटात जात आहे, म्हणजे ५०० च्या वर कॅलरी नुसत्या तेलातून येत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. त्या हिशेबाने हाच डबा चार महिने पुरायला हवा. घरात कोणी किती खाल्ले यावर वाद घालण्यापेक्षा ही दोन तारखांची नोंद अधिक खरे बोलते.

एकदम निम्म्यावर येण्याची घाई करू नये, कारण चव बिघडली की पथ्य आठवडाभरात मोडते. दर रविवारी ठरलेले तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवावे आणि ते पुढच्या रविवारपर्यंत पुरवावे. पहिल्या महिन्यात सव्वा लिटर, मग एक लिटर, आणि शेवटी चौघांना आठवड्याला पाऊण लिटर ते ८०० मिलिलिटर इथपर्यंत यावे. फोडणीला पळी न वापरता चमचा वापरावा. रस्सा तेलाने नव्हे तर येसराने दाट करावा. भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्यांचे हे पीठ पाण्यात कालवून आमटीत सोडले, की वर तवंग नसला तरी चवीत उणे पडत नाही. (पाहुण्यांना तवंगाशिवाय भाजी कोरडी वाटते ही अडचण खरी आहे, पण पाहुणे रोज येत नाहीत.) तळून उरलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नये, आणि तळणच आठवड्यातून एकदावर आणावे.

तेल कोणते, हा प्रश्न प्रमाणानंतरचा आहे. पाम तेलात संपृक्त स्निग्धाम्ले जवळपास निम्मी असतात, तर करडईच्या तेलात ती दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असून बाकी बहुतांश लिनोलेइक आम्ल हे असंपृक्त स्निग्धाम्ल असते, जे संपृक्त स्निग्धांशाच्या जागी वापरल्यास एलडीएल उतरवते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले, तरी या पिकाचा पेरा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, घाण्यावर खात्रीचे करडई तेल मिळत असेल तर जरूर घ्यावे. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलेही चालतात आणि ती आलटून पालटून वापरावीत. मात्र लाकडी घाण्याचे म्हणून ते वाटेल तेवढे वापरावे असे नाही, कारण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरीच असतात. डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेले असेल तर त्यालाही भुलू नये. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते, वनस्पतींच्या तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल, आणि शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल तर यकृतच तयार करते. संपृक्त स्निग्धांश जास्त खाल्ल्याने यकृताची रक्तातले एलडीएल उचलण्याची क्षमता घटते, हे खरे दुखणे आहे.

भाकरी मोजावी, भाजी वाढवावी

ज्वारीची भाकरी उत्तम आहे, पण ती औषध नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरींत फारसे अंतर नाही. रानात दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला तीन भाकरी पचतात. मोंढ्यातल्या आडतीवर सकाळपासून गादीवर बसलेल्या माणसाने तितक्याच खाल्ल्या तर कमरेचा घेर वाढणारच. बैठे काम असणाऱ्याने एका वेळी मध्यम आकाराची दीड भाकरी घ्यावी आणि भात अर्ध्या वाटीवर ठेवावा. निम्मे ताट भाजी, कोशिंबीर आणि कच्च्या कांदा-काकडीने भरावे, पाव ताटात डाळ किंवा उसळ यावी, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात.

कोलेस्टेरॉल उतरवण्याचे काम प्रत्यक्षात करतो तो पाण्यात विरघळणारा तंतू. हुलगा, हरभरा, मटकी, वाल, पेरू आणि मोसंबीच्या फोडी यांत तो मिळतो. पचनासाठी आतड्यात आलेल्या पित्ताला हा तंतू धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. म्हणून मोसंबीचा रस न काढता फोडी खाव्यात, आणि हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे पावसाळी संध्याकाळपुरते न राखता आठवड्यातून दोनदा करावेत. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्येला पालेभाज्या आणि तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे घालून जी भज्जी शिजते आणि सोबत ताकातली ज्वारीची आंबील असते, त्याहून चांगले ताट आहारतज्ज्ञही सुचवणार नाही. ते वर्षातून एकदाच का व्हावे, हे मला कधी उमगलेले नाही. अंबाडी, चुका, पाथरी, घोळ, करडईची कोवळी पाने हे सगळे हंगामानुसार आलटून पालटून यावे.

जवसाची चटणी रोज चमचाभर घ्यावी. जवस भाजून, कुटून घ्यावे, कारण अख्खे दाणे बहुधा न पचताच बाहेर पडतात. शेंगदाण्याचा स्निग्धांश चांगल्या प्रतीचा आहे, तरी मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी असतात. भाजीतला कूट, चटणी आणि सायंकाळचे भाजके दाणे मिळून एवढीच मूठ धरावी.

साखर आणि उपवास

दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे १० ग्रॅम साखर, आणि असे पाच चहा झाले की राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेल्या २५ ग्रॅमच्या दुप्पट साखर पोटात गेली. गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही. कप लहान करावा आणि साखर दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवावी. जिभेला कळतही नाही.

उपवासाबद्दल ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपणच म्हणतो. तुपातली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे काप आणि भरीला राजगिऱ्याचे लाडू असा उपवास वजनही वाढवतो आणि ट्रायग्लिसराइडही. भगर, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादे फळ यांवर उपवास चांगला निभतो.

दूध, सामिष, बेकरी

म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के असतो, म्हणून दूध तापवून निवल्यावर साय काढावी, दही त्याच दुधाचे लावावे आणि ताक भरपूर प्यावे. वरणावर चमचाभर तुपाने बिघडत नाही, मात्र ते दिवसाच्या २७ ग्रॅममध्येच मोजावे. मटण महिन्यातून एक-दोनदा, चरबी काढून आणि वरची तर्री बाजूला सारून खावे. एरवी कातडी काढलेले कोंबडीचे मांस किंवा मासे, तळलेले नव्हे तर रश्शातले, अधिक बरे. बहुतेकांना दिवसाला एक अंडे चालते, परंतु एलडीएल बरेच चढलेले असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

खारी, टोस्ट, नानकटाई आणि पाकिटातला फरसाण यांच्या बाबतीत पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहिलेला असतो. यादीतल्या पहिल्या तीन घटकांत ‘पामोलीन’ (पाम तेलाचाच प्रकार), ‘वनस्पती’ किंवा ‘हायड्रोजनीकृत’ हे शब्द आले तर पाकीट परत ठेवावे. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, पण त्यामुळे पाम तेलातला संपृक्त स्निग्धांश कमी झालेला नाही. सुट्या मालावर यादी नसते, तेव्हा तो पाहुणचारापुरताच ठेवावा.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी

वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी सकाळी, उपाशीपोटी करावे. रोजच्या चढउताराकडे पाहू नये. वजन जास्त असेल तर महिन्याला दीड-दोन किलोची घट पुरेशी आहे, आणि मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल दोन्ही सुधारतात. वजन ठीक असेल तर ते फक्त ढळू देऊ नये. कमरेची टेप महिन्यातून एकदा फिरवली की पुरे. सोबत रोज अर्धा तास झपझप चालावे, कारण एचडीएलला त्याचा हातभार लागतो.

तीन महिन्यांनी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा लिपिड प्रोफाइल करावे. उपाशीपोटी सांगितले असेल तर ९ ते १२ तास पाण्याशिवाय काही घेऊ नये, आणि लग्नाची पंगत जेवून दुसऱ्याच दिवशी रक्त देऊ नये. स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी चालू असलेल्यांनी आकडा खाली आला म्हणून ती स्वतःहून थांबवू नये, कारण तो आकडा गोळीसह आलेला असतो. जुना आणि नवा अहवाल, वजनाची व कमरेची नोंद आणि तेलाच्या डब्याच्या तारखा एकाच कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, म्हणजे गोळीची मात्रा बदलायची की नाही हे त्यांना ठरवता येते.