बिस्किटाच्या जाहिरातीतले दोन सेकंद

तीस सेकंदांच्या एका बिस्किटाच्या जाहिरातीत मी दोन सेकंद दिसतो. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला 25 फ्रेम पळतात, म्हणजे माझ्या वाट्याला 50 आल्या. बाकावर बसलेला बाप पोराच्या हातचा तुकडा खातो आणि त्याच्याकडे बघतो, एवढंच काम. नाशिकमधून जाहिरातीत जाऊ बघणाऱ्यांसाठी त्यामागचं सांगतो.

ऑडिशन अंधेरीला, आरामनगरात होती. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून लोकल. कॅमेऱ्यासमोर आधी नाव, वय, उंची. मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू आणि दोन्ही हात. हात मुद्दाम बघतात, कारण वस्तू हातातच दिसणार असते. नखं कापून जा. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

खरी अडचण सेटवर आली. मी राज्य नाट्य स्पर्धेतून आलेलो. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा चेहरा हलवायची सवय. क्लोजअपमध्ये तीच भुवई खोटी दिसत होती. दिग्दर्शक ‘अजून कमी’ म्हणत राहिले आणि कमी करता करता माझा चेहरा कोराच झाला. सतराव्या टेकला मी चेहऱ्याचा नाद सोडला आणि समोरच्या पोराकडे नीट बघितलं. त्याच्या ओठाला बिस्किटाचा भुगा लागला होता. तो टेक ओके झाला. तेव्हापासून आरशासमोरचा सराव बंद केला. आता मोबाइल डोळ्यांच्या उंचीला लावतो, घरातल्या कुणाचं तरी बोलणं ऐकत बसतो आणि नंतर ते शूटिंग आवाज बंद करून बघतो. ऐकणं खरं असेल तर ते आवाजाशिवायही कळतं.

प्रत्येक टेकला घास गिळू नका. कट झाल्यावर थुंकायला बादली ठेवलेली असते. मी संकोच केला आणि दहाव्या टेकला मळमळायला लागलं. तुकडा कोणत्या हातानं, नेमका कधी उचलला हेही लक्षात ठेवा, नाहीतर शॉट जुळत नाहीत.

पैसे तीन महिन्यांनी आले, काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन आणि टीडीएस कापून. सही करण्याआधी करार वाचा: जाहिरात किती काळ चालणार, फक्त टीव्हीवर की डिजिटल आणि होर्डिंगवरही. माझ्या करारात वर्षभर दुसऱ्या बिस्किटाची जाहिरात न करण्याची अट होती. सहा महिन्यांनी तशीच एक ऑडिशन आली, त्यात बोलायला एक वाक्यही होतं. मी अट कळवली आणि नाव मागं घेतलं.