थंडीतली सायकल: हात आणि डोकं कमी खर्चात कसं सांभाळायचं

थंडीत सायकल चालवणाऱ्याची पहिली तक्रार बोटांची असते, दुसरी कानांची. पाय सतत फिरत असतात, अंगाला दहा-पंधरा मिनिटांत ऊब येते. हात मात्र हँडलवर एकाच जागी आणि सगळ्या अंगाच्या पुढे, थेट वाऱ्याच्या तोंडी. त्यात बोटं बारीक, म्हणजे आकाराच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त. अंग गार पडू लागलं की शरीर आधी बोटांकडचा रक्तपुरवठाच आखडता घेतं. मग जाडजूड लोकरी हातमोजे विकत घेतले जातात आणि तरीही बोटं आखडतात, कारण हातांनी विणल्यासारख्या सैल विणीतून वारा आरपार जातो. पैसे मोजके असतील तर ते जाडीवर घालवू नका, वारा अडवण्यावर घाला.

वाऱ्याचा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचं सोपं जातं. हवा स्थिर असली तरी ताशी २० किलोमीटरने जाताना समोरून तेवढाच वारा लागतो. हवामानखाती वापरतात त्या सूत्राने १० अंश सेल्सिअसची थंडी अशा वाऱ्यात ७ अंशांसारखी, ५ अंशांची १ अंशासारखी आणि शून्याची उणे ५ सारखी बोचते. उतारावर वेग ३० झाला की ५ अंशांतही शून्याचा अनुभव येतो. उतारावर पाय थांबलेले असतात आणि बोटं ब्रेकवर असतात, त्यामुळे हात गारठतात ते बहुतेक वेळा तिथेच.

हातमोजे: दोन थर, सैलसर

एका जाड जोडीपेक्षा दोन पातळ थर बरे. आत अंगालगत बसणारा पातळ मोजा, लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा. सुती नको, सूत घाम पिऊन ओलं राहतं आणि ओलं सूत गार पडतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. बाहेर वारा न शिरणारं काहीतरी: विंडचीटरच्या कापडाचा मोजा, बागकामाचे किंवा गोदामात वापरतात ते रबराचा लेप दिलेले मोजे, अगदी भांडी घासायचे रबरी मोजेही चालतात, फक्त एक माप मोठे घ्या. लेपाचे कामगारी मोजे या कामाला विशेष चांगले, कारण तळव्याला पकड असते आणि बोटं मोकळी हलतात. त्यांची मागची बाजू मात्र बहुधा नुसत्या विणीची असते आणि वारा लागतो नेमका तिथेच. लेप बोटांच्या पाठीवरूनही दिलेला आहे ना, हे बघूनच घ्या.

हाताशी काहीच नसेल तर तपासणीचे पातळ नायट्राइल मोजे साध्या लोकरी मोज्यांच्या आत घाला. वारा अडतो, शिवाय घामाची वाफ बाहेर जात नसल्याने बाष्पीभवनाचा गारवाही टळतो. हात दमट होतात आणि तासाभराने चिकचिकतात. ते ओले हात वाटेत उघड्या वाऱ्यात काढले तर क्षणात गारठतात, म्हणून मोजे पोहोचल्यावरच काढायचे.

सगळ्यात जास्त चूक होते ती मापात. दोन मोजे एकावर एक कोंबले की बोटं आवळली जातात, रक्त नीट फिरत नाही आणि दोन थरांत एका थरापेक्षा जास्त थंडी वाजते. मोजे घालून हँडल धरा. बोटाच्या टोकाशी अर्धा सेंटीमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे आणि मूठ वळताना बोटांच्या बेचक्यांत ताण येता कामा नये. त्याहून सैल झालं तर रिकामं टोक ब्रेकच्या लिव्हरमागे अडकतं.

तळवा गुळगुळीत असेल तर पकड घरी देता येते. पुठ्ठा हाताच्या आकाराचा कापून मोज्यात घाला, म्हणजे कापड ताणलेलं राहील. सिलिकॉन सीलंटचे ३-४ मिलिमीटरचे ठिपके साधारण एकेक सेंटीमीटरवर तळव्यावर आणि पहिल्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला द्या. चोवीस तास हात लावू नका. पुठ्ठा न घालता ठिपके दिले तर मोजा हातात ताणला जाताना ते सुटून येतात. सिलिकॉनऐवजी गरम गोंदाच्या बंदुकीचा मोह होईल, पण तो गोंद थंडीत कडक आणि गुळगुळीत होतो.

मोजे जाड झाले की ब्रेक आणि बोटं यांतलं अंतरही बदलतं. बऱ्याच लिव्हरना हँडलच्या बाजूला, मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. अर्धा-अर्धा फेरा देत बघा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ग्रिपला टेकू लागला तर ब्रेकची वायरही ताणून घ्यावी लागेल. घराबाहेर पडण्याआधी जागेवरच ब्रेक, गिअर आणि घंटी तिन्ही मोजे घालून वापरून बघा.

थंडी शून्याखाली गेली की पाच बोटांच्या मोज्यापेक्षा बोटं एकत्र ठेवणारा मोजा जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. मात्र चारही बोटं एकत्र असतील तर ब्रेकला एक बोट सुटं राहत नाही. दोन-दोन बोटांचे, खेकड्याच्या नांगीसारखे दिसणारे मोजे त्यावर तोडगा आहेत. हातात पायमोजे चढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका, ग्रिपवरून हात सटकतो. पायमोज्याचा खरा उपयोग मनगटाला आहे. जुन्या लांब पायमोज्याची बोटांकडची बाजू कापून १५ सेंटीमीटरची नळी करा, अंगठ्यासाठी टाचेच्या जागी भोक पाडा आणि ती जॅकेटच्या बाहीआत घाला. मनगटाशी रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आणि मोजा व बाही यांमधली दोन बोटांची उघडी फट पूर्ण हात गार करायला पुरते.

हँडलवरच्या पिशव्या

रोज थंडीत जाणाऱ्याने कराव्यात अशी सगळ्यात फायद्याची गोष्ट म्हणजे हँडलला कायमच्या बसवलेल्या पिशव्या. ग्रिप, ब्रेक, गिअर सगळं आत. हात मागून घालायचा. आत पातळ मोजा पुरतो, म्हणजे बोटांची चपळाईही जात नाही. सरळ हँडलसाठी त्या एका जुन्या रेनपँटमधून निघतात. वळलेल्या हँडलला हात तीन ठिकाणी धरावा लागतो, त्यामुळे तिथे हे काम अवघड होतं; त्यांनी मोज्यांवरच भर द्यावा.

रेनपँटच्या दोन्ही पायांचे ३२-३२ सेंटीमीटरचे तुकडे कापा. सपाट पसरल्यावर रुंदी निदान २० सेंटीमीटर हवी, नाहीतर लिव्हर आत मावणार नाही. एक टोक शिवून बंद करा, ते पुढे येईल. उघड्या टोकाकडून, स्टेमकडे (हँडल मधोमध धरून सायकलला जोडणारा भाग) येणाऱ्या कडेवर, १६ सेंटीमीटर लांब चीर द्या आणि चिरेच्या शेवटी ३ सेंटीमीटर व्यासाचं गोल भोक करा. दुसरी पिशवी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी. चिरेच्या कडा दुमडून धावदोऱ्याने शिवा, दोन्ही कडांना वेल्क्रो लावा. आत अस्तर म्हणून जुन्या स्वेटरचं किंवा फ्लीसचं कापड फक्त पुढच्या आणि वरच्या भागाला टाचा. तळाला नको, तिथे ओल साठते.

बसवताना पिशवी पुढून मागे सरकवायची: ब्रेकचा लिव्हर आत जातो, हँडलची नळी चिरेतून भोकापर्यंत पोहोचते. भोक लिव्हरच्या क्लॅम्पच्या (लिव्हर हँडलला आवळणाऱ्या कड्याच्या) आतल्या बाजूला, म्हणजे स्टेमकडे, आलं पाहिजे. वायरी त्याच भोकातून बाहेर काढा आणि त्यांना तीव्र वळण पडत नाही ना ते बघा. वायर मुडपली की गिअर अडकतात. मग वेल्क्रो बंद करून भोकापाशी नाडीने हँडलला बांधा.

पहिल्या फेरीत हमखास कळणारा दोष म्हणजे वाऱ्याने पिशवी चेपून बोटांवर बसते. कापड बोटांना टेकलं की त्याची ऊब अर्धी झाली असं समजा. प्लॅस्टिकच्या फाईलचा किंवा बाटलीचा पत्रा १५ गुणिले १० सेंटीमीटर कापून, कडा गोल करून पुढच्या बाजूला आत सरकवा. त्यानंतर दोन तपासण्या कराच: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पिशवी ब्रेक ओढत नाही ना, आणि न बघता, एका झटक्यात हात बाहेर निघतो ना. मनगटाशी इलॅस्टिक घट्ट लावून हात अडकवून ठेवणारी पिशवी वापरू नका.

पिशव्या नको असतील त्यांनी निदान धातूचा लिव्हर झाकावा. ॲल्युमिनियम बोटांतली ऊब शोषून घेतं आणि हे पातळ मोज्यातून चांगलंच जाणवतं. बाद झालेल्या सायकलच्या ट्यूबचा ६-७ सेंटीमीटरचा तुकडा साबणाच्या पाण्याने ओला करून लिव्हरवर चढवा किंवा कापडी चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळा. काम पाच मिनिटांचं आहे.

एक शंका इथेच निकालात काढू. करंगळी आणि अनामिका तेवढी बधिर होत असतील, बाकीची बोटं ठीक असतील, तर बहुतेक वेळा दोष थंडीचा नसतो. तळव्याच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंगाचा भार हातांवर येतो. सीट समतल करा, हँडल थोडं वर घ्या, हात बदलत राहा. अशा हातावर कितीही मोजे चढवले तरी मुंग्या येणारच.

ऊब देणाऱ्या पुड्यांबद्दल थोडक्यात. एकदाच वापरायच्या पुडीत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने तापते. पूर्ण हवाबंद मोज्यात ती विझल्यासारखी होते. ती हाताच्या पाठीवर, आतल्या आणि बाहेरच्या थरांमध्ये ठेवा. थेट कातडीला नको. चकती दाबून सुरू होणाऱ्या, उकळून पुन्हा वापरता येणाऱ्या पुड्या लांबच्या फेरीत टिकत नाहीत, पण पोहोचल्यावर हात शेकायला छान.

डोकं आणि कान

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज चुकीचा आहे. डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, आणि उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. सायकलवर अडचण वेगळी आहे: हेल्मेटच्या फटी उन्हाळ्यासाठी केलेल्या असतात, कान पूर्ण उघडे असतात आणि कपाळावर वारा बसून डोकं ठणकतं.

हेल्मेटखाली जे काही घालाल ते पातळच हवं. जाड कानटोपी, गोंडा, स्वेटशर्टची टोपी यांनी हेल्मेट वर उचललं जातं आणि धडकेत सरकतं. हेल्मेट आडवं समतल, भुवयांच्या दोन बोटं वर आणि कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही आकार, ही बसवण टोपीसह जुळली पाहिजे. टोपी घातल्यावर हेल्मेटची घेर कमीजास्त करणारी मागची चकती थोडी सैल करा, हनुवटीची पट्टी पुन्हा तपासा. टोपीची जाड शिवण डोक्याच्या मधोमध येत असेल तर अर्ध्या तासात ती खुपायला लागते. टोपी उलटी करून शिवण बाहेर ठेवून बघा.

१० अंशांच्या आसपास कानपट्टी पुरते. जुन्या फ्लीसमधून ती अशी कापा: डोक्याचा घेर मोजा, त्यातून ५ सेंटीमीटर वजा करा, जोडासाठी १ मिळवा. ५६ सेंटीमीटरच्या डोक्याला ५२ ची पट्टी. कापड ज्या दिशेला ताणतं ती दिशा लांबीला घ्या, नाहीतर पट्टी डोक्यात शिरणार नाही. कानांवर रुंदी १० सेंटीमीटर, कपाळावर ६. जोडाची टोकं एकमेकांवर १ सेंटीमीटर ठेवून झिगझॅग टाका मारा. नेहमीसारखी दुमडून शिवण घातली तर मागे गाठ येते आणि हेल्मेटच्या चकतीखाली टोचते. कानांवर एकच थर असू द्या, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे.

५ अंशांखाली कान झाकणारी पातळ टोपी घ्या आणि हेल्मेटवरून आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवा. दिसायला विनोदी खरी, पण सगळ्या फटी एका झटक्यात बंद होतात आणि पाऊसही अडतो. चढावर घाम आला तर ती पुढून थोडी वर सरकवा. फटींना चिकटपट्टी लावणारेही भेटतात. गोंद आणि तो काढायला वापरलेली रसायनं हेल्मेटच्या कवचाला आणि फोमला इजा करू शकतात, म्हणून टोपीच बरी.

गळा आणि हनुवटीसाठी जुन्या ताणणाऱ्या टीशर्टच्या पोटाकडच्या भागातून नळी काढा किंवा लेगिंगचा मांडीचा भाग वापरा. ३० सेंटीमीटर लांबी ठीक. मफलर नको: त्याचं टोक सुटून चाकात जाऊ शकतं. नळी नाकावर ओढली की श्वास वर जाऊन चष्म्यावर धुकं धरतं. नाक बाहेर ठेवा, किंवा वरची कड चष्म्याच्या खालच्या कडेत अडकवा. चष्मा नसणाऱ्यांनी कारखान्यात वापरतात तो पारदर्शक सुरक्षा चष्मा घ्यावा, डोळ्यांतून पाणी यायचं थांबतं.

बोटं बधिर झालीच तर

आधी थांबा. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही. हात खांद्यापासून मोठ्या गोलात २०-३० वेळा वेगाने फिरवा, रक्त बोटांच्या टोकाशी ढकललं जातं. मग हात काखेत धरा. ऊब परतताना बोटं सणसणून दुखतात, ते अपेक्षितच आहे. कातडी पांढरी किंवा राखाडी, मेणासारखी दिसू लागली आणि स्पर्श कळेनासा झाला तर चोळू नका आणि शेकोटीजवळही धरू नका, कारण भाजलेलं कळणार नाही. उबदार जागी जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. एवढ्याने रंग आणि स्पर्श परतला नाही तर डॉक्टर गाठा. थोड्याशा गारव्यातही बोटं पांढरीफटक होऊन नंतर निळी-लाल पडत असतील तर तेही डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे.

हात सारखेच गारठत असतील तर एकदा छातीकडेही बघा. धड गार असेल तर बोटांना रक्त मिळत नाही. उतार सुरू होण्याआधी जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवणं ही शर्यतीतल्या सायकलस्वारांची जुनी युक्ती, आणि ती अजून चालते.

मोजे काढताना प्रत्येक बोटाचं टोक चिमटीत धरून ओढा. ओल्या हाताने एकदम खेचलं की अस्तर उलटं होऊन बाहेर येतं आणि पुन्हा बोटांत बसत नाही. आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवा, हीटरवर ठेवले तर रबराचा लेप तडकतो. धुताना कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका. त्याने घाम शोषण्याची आणि पाणी झटकण्याची दोन्ही क्षमता जातात. आतला पातळ मोजा दोन जोड ठेवा, सकाळचा संध्याकाळपर्यंत वाळेलच असं नाही.