इंग्रजीत भविष्यकाळ कसा व्यक्त करावा

मराठीत 'जाईन', 'जाशील' अशी क्रियापदाचीच भविष्यकाळी रूपे होतात. इंग्रजी क्रियापदाला तसे रूप नसल्यामुळे हे काम अनेक रचनांत वाटले गेले आहे, आणि 'विल' ही त्यांपैकी केवळ एक आहे. रचना निवडताना घटना किती दूर आहे हे न पाहता, ती घडेल असे आपण कशाच्या आधारावर म्हणत आहोत, हे पाहावे.

फोन वाजताच 'मी घेतो' असे त्याच क्षणी ठरले, तर 'आय विल आन्सर इट' म्हणावे; वचन देताना किंवा निव्वळ स्वतःचे मत म्हणून अंदाज वर्तवतानाही 'विल' योग्य ठरते. निर्णय आधीच झालेला असेल, तर 'आय अ‍ॅम गोइंग टू लर्न जर्मन' असे म्हणतात. आभाळ भरून आलेले दिसत असताना 'इट इज गोइंग टू रेन' हेच स्वाभाविक, कारण तेथे अंदाजाला डोळ्यांसमोरचा आधार आहे. कोणाशी भेट पक्की झाली असेल, तर चालू वर्तमानकाळ वापरावा: 'आय अ‍ॅम मीटिंग द डॉक्टर अ‍ॅट फाइव्ह'. पाऊस कोणाशी वेळ ठरवून येत नाही, म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' चालत नाही. वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स'.

मराठीभाषकाची खरी अडचण जोडवाक्यांत होते. 'ती येईल तेव्हा मी सांगेन' यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत, परंतु इंग्रजीत 'व्हेन शी कम्स, आय विल टेल हर' असेच म्हणावे लागते. 'बिफोर', 'अन्टिल' आणि 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांनाही हाच नियम लागू आहे. मात्र 'आय डोन्ट नो व्हेन शी विल कम' हे वाक्य बिनचूक आहे. पारख सोपी आहे: 'व्हेन'च्या जागी मराठीत 'जेव्हा' बसत असेल, तर वर्तमानकाळ घ्यावा, 'केव्हा' बसत असेल, तर 'विल' घ्यावे. 'इफ'लाही अशीच कसोटी लावता येते: 'जर' असेल तेथे सहसा वर्तमानकाळ, 'की नाही' असेल तेथे 'विल'.

ठरावीक वेळी क्रिया चालू असेल असे सांगायचे झाल्यास 'अ‍ॅट टेन आय विल बी ट्रॅव्हलिंग', आणि मुदतीपूर्वी ती संपलेली असेल असे सांगायचे झाल्यास 'बाय फ्रायडे आय विल हॅव फिनिश्ड द रिपोर्ट' असे लिहावे. या दुसऱ्या रचनेत 'बाय'ऐवजी 'टिल' घालू नये, कारण 'टिल' क्रिया तोवर चालू राहिल्याचे सांगते, संपल्याचे नव्हे.