स्वस्तातल्या लेन्सने टँकमधल्या माशांचे फोटो

महागडी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नसली तरी चालतं, ५० एमएम एफ १.८ वाली साधी लेन्स आणि एक एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळी, तिच्यामुळे जवळून फोकस होतो), बास. आधी काच आतून-बाहेरून पुसा. मग खोलीतले लाइट बंद, टँकचा चालू, आणि लेन्स काचेसमोर एकदम सरळ धरा, तिरकी धरली की मासा धूसर येतो. शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, फोटोत थोडे दाणे चालतात पण माशाचा डोळा हललेला नाही चालत. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नकोच, काचेवर पांढरा गोळा येतो. मी आमच्या फायटर माशामागे कॅमेरा फिरवून फिरवून दमलो, शेवटी एका पानावर फोकस लावून गप्प बसलो तर साहेब स्वतःच आले, शेपटी पसरून.