एक पाना धरायचा, एक फिरवायचा

गॅस फिटिंगमध्ये नवीन आलेल्या पोरांसाठी लिहितोय. चुड्या (पाइपचे आटे) कशा बसतात, कॉक कुठला, रेग्युलेटर कुठला, हे तुम्हाला आयटीआयत शिकवलेलं आहे. मी बोलणार आहे शेवटच्या हातभर नळीबद्दल, ओट्याखालच्या कॉकपासून शेगडीपर्यंतच्या. सगळी पाइपलाइन नीट टाकून माणूस दमलेला असतो आणि ही नळी पाच मिनिटांत उरकतो. मीही उरकली होती.

ऐरोलीतलं घर, दुसरा मजला, पाइपचा गॅस. मला कामाला लागून दुसराच महिना होता. वळ्यांची स्टीलची नळी लावायची होती. कॉककडचा नट बसला, शेगडीकडचा थोडा ढिला राहत होता. ठेकेदाराचा माणूस खालून हाका मारत होता, पुढे अजून चार घरं होती. मी एकच पाना घेतला आणि जोर लावला. नट फिरला, आणि नटाबरोबर नळीही पाव फेरा फिरली. साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. सही घेतली आणि निघालो.

अडीच महिन्यांनी त्या काकूंचा फोन आला. "अरे बाळा, सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की उग्र वास येतो, तू येऊन बघतोस का?" मी त्यांना कॉक बंद करायला लावला, खिडकी उघडायला सांगितली, एकाही बटणाला हात लावू नका म्हटलं आणि तसाच धावलो. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. मग वळ्यांवर ब्रश फिरवला, तेव्हा नटापासून तिसऱ्या खाचेत खसखशीएवढा बुडबुडा आला. फुटला, पुन्हा आला. केसाएवढी चीर होती. रात्री त्याच ओट्यापाशी त्यांचा नातू दूध गरम करायला उठायचा. ते आठवलं की आजही हात गार पडतात.

हे नीट समजून घ्या, म्हणून लांबण लावतोय. वळ्यांची नळी वाकायला बनवलेली असते. वाकवली की बाहेरच्या बाजूच्या वळ्या उघडतात, आतल्या मिटतात, ताण सगळीकडे वाटला जातो. पिळली की वळ्यांना उघडायलाही जागा नाही, मिटायलाही नाही. सगळा ताण नटाजवळच्या पातळ पत्र्यात अडकून बसतो. त्या दिवशी काहीच दिसत नाही, साबणाच्या पाण्यालाही कळत नाही. मग घरातलं माणूस ओटा पुसायला रोज शेगडी चार बोटं सरकवतं आणि त्या अडकलेल्या ताणाची चीर होते.

उपाय साधा आहे. नळी जोडण्याआधी सरळ धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मार्करने एक रेघ ओढा. दोन्ही नट आधी हाताने बसवा. मग एका पान्याने नळीच्या टोकाचा षट्कोन घट्ट धरायचा, दुसऱ्या पान्याने नट फिरवायचा. काम झालं की रेघ बघा. ती जिन्यासारखी फिरत गेली असेल तर सोडा आणि पुन्हा बांधा. नटाला लागून लगेच वळण देऊ नका, आधी थोडी सरळ जाऊ द्या. आणि पिळलेली नळी उलटी फिरवून सरळ करून वापरू नका. ती गेली.

वॉशर असलेल्या सांध्यावर टेप गुंडाळणारे मिस्त्री मला मान्य नाहीत, वयाने कितीही मोठे असोत. तिथे गॅस अडवतो तो वॉशर, चुडी नाही. टेपमुळे नट पूर्ण बसतच नाही. "हात बसला की आपोआप कळतं" म्हणणारा उस्तादही सोडा. मला ज्यांनी घडवलं ते दादा स्वतः केलेला सांधाही माझ्याकडून तपासून घ्यायचे. असा माणूस मिळाला तर दोन पैसे कमी घेऊन त्याच्या हाताखाली राहा.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये वेगळाच हट्ट असतो, नळी दिसायला नको. सुतार ट्रॉलीच्या मागच्या प्लायला भोक पाडून नळी ओवतो आणि ट्रॉली उघडता-मिटता ती कडेवर घासते. ठाम नाही म्हणा. नळी भिंतीतून न्यायची नाही, ओव्हनच्या तापणाऱ्या पाठीमागून न्यायची नाही, जोड देऊन लांबवायची नाही. मीटर असलेली ड्राय बाल्कनी काचेने बंद केली असेल तर तेही बोला. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर साठतो, त्याला वरून वाट हवी. सिलिंडरचा जड, जमिनीलगत बसतो. आणि बाहेरून मीटरपर्यंत येणारी लाइन कंपनीच्या माणसाचीच, तिला पाना लावायचा नाही.

सिलिंडरच्या घरी तारा गुंफलेली, आयएसआय छापाची रबरी नळी, दीड मीटरपर्यंतच. पाच वर्षं झाली की बदला, तारीख नळीवरच छापलेली असते. स्टीलच्या नळीला ब्लीच किंवा ॲसिड लागू देऊ नका, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात. साबणाचं पाणीही शेवटी पुसून काढा.

पहिलं वर्ष भीती वाटेल. वाटू दे. भीती वाटणारा पोरगा दोनदा तपासतो, आणि हात हळूहळू शांत होतो, माझाही झाला. पाइपच्या गॅसचं काम झालं की मी अजूनही शेगडीची बटणं बंद, कॉक चालू ठेवून मीटरच्या शेवटच्या आकड्यांचा फोटो काढतो आणि वीस मिनिटांनी दुसरा. आकडा हलला नाही तरच सही. त्या काकूंची नळी मी माझ्या पैशाने बदलली. जुनी माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, नवीन हेल्पर आला की पहिल्या दिवशी तिसरी खाच दाखवतो.